गाठी बांधणाऱ्यांचं गाव

(रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात सोसायटीच्या हॉलमध्ये केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी म्हणाले, "मावशी, तुम्ही लेकीकडे जपानला जाऊन आलात, त्यावर पंधरा मिनिटं बोला. फुजी पर्वत, बुलेट ट्रेन, असं काहीतरी." मी हो म्हटलं. पण खरं सांगते, फुजी पर्वत ढगात होता, तो मला दिसलाच नाही. आणि बुलेट ट्रेनमध्ये मला झोप लागली. तेव्हा त्या दोन्हींबद्दल तुम्हाला माझ्यापेक्षा यूट्यूबवर जास्त कळेल. मी आज एका लहानशा संग्रहालयाबद्दल बोलणार आहे. तिथे मी एक दुपार घालवली, आणि महिनाभराच्या त्या प्रवासातली तीच दुपार माझ्या डोक्यातून अजून गेलेली नाही.

तुम्हा सगळ्यांना माहीत आहे, सोसायटीत राहायला आल्यापासून मी फॉल-पिको करते. या हॉलमध्ये बसलेल्या निम्म्या जणींच्या साड्या माझ्या मशीनखालून गेल्या आहेत. त्यामुळे कुठेही गेले तरी मी आधी कापड उलटं करून बघते. ही खोड आहे माझी. लेकीला ती माहीत आहे, म्हणून तिने मला तिथे नेलं.

लेक नागोया शहरात राहते. तिथून छोट्या रेल्वेने साधारण वीस मिनिटांवर, म्हणजे समजा डोंबिवलीहून ठाण्याला जावं एवढ्या अंतरावर, अरिमात्सु नावाचं स्टेशन आहे. आता तो नागोया शहराचाच भाग झालाय. स्टेशनातून बाहेर पडलं की मोठी दुकानं, गाड्या, सगळं नेहमीचंच. पण दोन मिनिटं चाललं की एकदम जुनी गल्ली लागते. दोन्ही बाजूंना काळपट लाकडी जाळ्यांच्या खिडक्या, जाड गिलाव्याच्या भिंती, वर कौलं. आणि बऱ्याच दारांवर निळे-पांढरे पडदे टांगलेले. या गल्लीतच ते संग्रहालय आहे, अरिमात्सु-नारुमी शिबोरी कायकान. खाली दुकान, वर प्रदर्शन.

शिबोरी म्हणजे काय, ते आधी सांगते, कारण हल्ली आपल्याकडे दुकानात 'शिबोरी साडी' म्हणून काहीही विकतात. जपानीत 'शिबोरु' म्हणजे पिळणं, आवळणं. कापड चिमटीत धरून दोऱ्याने आवळायचं, किंवा टाके घालून ओढायचं, किंवा घड्या घालून दोन फळ्यांमध्ये दाबायचं, आणि मग रंगात बुडवायचं. जिथे आवळलंय तिथे रंग शिरत नाही. सोडलं की तिथे पांढरं राहतं. म्हणजे आपली बांधणीच. तत्त्व तेच आहे. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांत ठिपक्यांची वस्त्रं नेसलेली माणसं आहेत, ती बांधणीचीच वस्त्रं असावीत असं अभ्यासक मानतात. आणि जपानात नारा शहरातल्या शोसोइन नावाच्या भांडारात आठव्या शतकातली बांधून रंगवलेली कापडं आजही जपून ठेवलेली आहेत. म्हणजे दोन्हीकडे ही कला जुनी, आणि दोन्हीकडे तिचं मूळ एकच, बोटं आणि दोरा.

आता या गावाची गोष्ट. ती ऐकताना मला सारखी आपली सोसायटी आठवत होती. का ते तुमच्या लक्षात येईल.

त्या काळी एडो, म्हणजे आजचं तोक्यो, आणि क्योतो यांना जोडणारा एक मोठा रस्ता होता, तोकाइदो. त्यावर मुक्कामाची त्रेपन्न ठाणी. त्यातल्या दोन ठाण्यांच्या मधला भाग ओसाड होता, पाइनची झाडं आणि टेकाड. प्रवाशांना भीती वाटायची. म्हणून तिथल्या ओवारी संस्थानाने 1608 साली जाहीर केलं, की जो कोणी इथे येऊन घर बांधेल त्याला करात सवलत. त्यावर आठ जण आपलं गाव सोडून तिथे राहायला आले. त्यांच्यातला एक ताकेदा शोकुरो. झालं, सोसायटी स्थापन झाली! फक्त आपल्यासारखं कन्व्हेयन्सचं लफडं तेवढं नव्हतं.

पण जागा मिळाली तरी पोट कसं भरणार? जमीन शेतीच्या कामाची नव्हती. त्याच सुमाराला, 1610 मध्ये, नागोयाचा मोठा किल्ला बांधायला सुरुवात झाली. त्या कामावर जपानभरातून मजूर आले होते. त्यातले बुंगो प्रांतातले लोक, म्हणजे दूर दक्षिणेकडच्या क्यूशू बेटावरचे, अंगावर ठिपक्यांचं रंगवलेलं कापड वागवायचे. शोकुरोने ते पाहिलं, आणि जवळपास पिकणाऱ्या कापसाच्या कापडावर तसंच करून हात पुसायचे पंचे विकायला ठेवले. रस्त्यावरून जाणारे प्रवासी ते घरी भेट म्हणून नेऊ लागले. आपण महाबळेश्वरहून चिक्की आणतो ना, तसंच. पुढे सुती किमोनो आले, त्यांना युकाता म्हणतात, ते उन्हाळ्यात घालतात. हिरोशिगे या मोठ्या चित्रकाराने तोकाइदोच्या ठाण्यांची चित्रं काढली, त्यात नारुमीच्या चित्रात अरिमात्सुची ही कापडाची दुकानं आहेत.

मग 1784 मध्ये मोठी आग लागली आणि जवळजवळ सगळं गाव जळालं. गावाने पुन्हा घरं बांधली, पण या वेळी गवताच्या छपरांऐवजी कौलं घातली आणि लाकडावर जाड गिलावा चढवला, म्हणजे आग पसरू नये. आज आपण जी गल्ली बघतो ती ही. आपल्याकडे फायर ऑडिटचा विषय निघाला की सर्वसाधारण सभेत किती वाद होतो, ते मला तिथे उभं राहून आठवलं. त्यांनी एकदा पोळल्यावर शहाणपण घेतलं, आणि ते शहाणपण दोनशे वर्षांहून जास्त टिकलं.

आता संग्रहालयात वर जाऊ या. भिंतींवर किमोनो, काचेच्या कपाटांत नमुने आणि अवजारं. या गावात बांधण्याच्या पद्धती शंभराच्या आसपास झाल्या असं सांगतात. मी चार-पाचच सांगते, ज्या मला समजल्या.

एक 'कुमो', म्हणजे कोळी. एका लाकडी स्टँडला आकडा असतो. त्यात कापडाचं टोक अडकवायचं, खालच्या कापडाच्या छत्रीसारख्या चुण्या करायच्या आणि त्यावर दोरा गरगर गुंडाळत खाली यायचं. रंगवून सोडलं की कोळ्याचं जाळं दिसतं. दुसरी 'मिउरा'. ही बुंगोहून आलेल्या एका वैद्याच्या बायकोने गावाला शिकवली असं सांगतात, आणि पद्धतीला त्यांच्याच घराण्याचं आडनाव आहे. हिच्यात गाठच नसते. दोरा नुसता एक वेढा घेत पुढे पुढे जातो, ताणावर टिकतो. मला हे फार आवडलं, कारण गाठ न मारता टाका टिकवायचा म्हणजे काय, हे शिवणाऱ्या बाईलाच कळतं.

तिसरी 'आराशी', म्हणजे वादळ. लांबलचक खांबाला कापड गुंडाळायचं, वर दोरा गुंडाळायचा आणि सगळं एका बाजूला सरकवून दाबायचं. वाऱ्याने तिरपा झालेला पाऊस जसा दिसतो, तशा रेषा उमटतात. ही 1880 च्या सुमाराला याच गावातल्या सुझुकी कानेझो यांनी काढली. चौथी 'सेक्का', म्हणजे हिमफूल. कापडाच्या त्रिकोणी घड्या घालून फळ्यांत दाबायच्या आणि फक्त कडा रंगात बुडवायच्या. उलगडलं की षटकोनी फुलंच फुलं. आज हिच्या युकाता मुली हौसेने घेतात. पण लेकीने पाटी वाचून सांगितलं, की एके काळी ही नक्षी बाळांच्या लंगोटांसाठी वापरायचे. मी मोठ्याने हसले. एवढं सुंदर, आणि लंगोट!

काम कसं चालतं तेही सांगते. कापडाचा ठाण फक्त सदतीस-अडतीस सेंटिमीटर पन्ह्याचा आणि बारा मीटरच्या आसपास लांब. त्यातूनच अख्खा किमोनो होतो. सगळे तुकडे सरळ, गोलाई नाही, त्यामुळे चिंधीही वाया जात नाही. आधी कागदी साच्यातून नक्षी उमटवतात. त्यासाठी एका निळ्या रानफुलाचा रस वापरायची पद्धत आहे, तो पाण्यात धुऊन जातो. आपल्या शिंप्याच्या खडूसारखंच, फक्त फुलाचा. मग बांधणं. मग रंगारी. मग दोरे काढणं. मग वाफेवर धरून कापड रुंदावणं, पण तेही पूर्ण सपाट करायचं नाही. चुण्यांचा उठाव थोडा राहिला पाहिजे. तीच हाताच्या कामाची खूण. आपल्याकडे बांधणीचा दुपट्टा गाठी न सोडता विकतात ना, तसंच.

आणि मुख्य म्हणजे, ही सगळी कामं वेगवेगळी माणसं करतात. बांधणाऱ्या बहुतेक बायका, आपापल्या घरी बसून. एक बाई एकच पद्धत करते, जन्मभर. एका कापडावर तीन पद्धती असल्या तर ते कापड तीन घरं फिरतं. व्यापारी त्यावर आपलं नाव घालतो. बांधणारीचं नाव कुठेच नसतं.

अशा दोन बायका तिथे वरच्या मजल्यावर चटईवर बसून काम करत होत्या, लोकांना दाखवायला. त्यातली एक माझ्याहून बरीच मोठी, ऐंशीच्या पुढची असेल. समोर तो आकड्याचा स्टँड. ती बोलता बोलता एकेक कोळी बांधत होती, हाताकडे न बघता. मी तिच्यासमोर बसले. भाषा नाही. मी माझा उजवा हात पुढे केला आणि बोटावरचा सुईचा घट्टा दाखवला. तिने हातातलं काम खाली ठेवलं, माझं बोट दाबून पाहिलं, आणि स्वतःची तर्जनी दाखवली. दोऱ्याने पडलेली खाच होती तिथे, कायमची. मग आम्ही दोघी हसलो आणि लेकीला दुभाषी व्हावं लागलं.

लहान शाळकरी पोर असताना ती आजीकडून शिकली. आई हेच करायची, आजीही हेच. फक्त कुमो. मी विचारलं, शिवून बांधायची ती नक्षी येते का? म्हणाली, "ते दुसऱ्या घरचं काम." मग मी विचारलं, एका ठाणाचे किती मिळतात? लेक हळूच म्हणाली, "आई, इथे असं विचारत नाहीत गं." मी म्हटलं, "तू विचार. ती मला समजून घेईल." म्हातारी हसली. म्हणाली, लग्न झालं तेव्हा यातून भाजीचा खर्च निघायचा. आता नातवंडांच्या खाऊपुरतं.

मग तिने शेजारच्या रिकाम्या आसनावर हात ठेवला. तिथे तिची मैत्रीण बसायची, दुसऱ्या पद्धतीची. डोळे गेले म्हणून गेल्या वर्षी थांबली. मी विचारलं, तिच्या जागी कोण? तिने मान हलवली. कपाटातल्या नमुन्यांकडे बोट करून म्हणाली, त्यातले काही आता कोणालाच बांधता येत नाहीत. कापड आहे, पण हात नाही.

हे ऐकून मी काहीच बोलले नाही. मला वाटत होतं संग्रहालय म्हणजे जे गेलं ते ठेवायची जागा. तिथे मला कळलं, की कापड ठेवता येतं, गाठ ठेवता येत नाही. ती कोणीतरी रोज मारावी लागते.

सरकारने काही केलं नाही असं नाही. 1975 मध्ये या कलेला राष्ट्रीय पातळीवर पारंपरिक हस्तकला म्हणून मान्यता मिळाली. 2016 मध्ये ती जुनी गल्ली जतन करायच्या वस्त्यांच्या यादीत आली. पण दरम्यान किमोनो घालणं कमी झालं, आणि स्वस्तात बांधून मिळतं म्हणून बरंच काम कोरिया-चीनकडे गेलं. तरुण मंडळीही काही करताहेत. मुरासे हिरोयुकी नावाच्या, याच गावातल्या शिबोरी घराण्याच्या पाचव्या पिढीतल्या मुलाने 2008 मध्ये जर्मनीत जाऊन सुझुसान नावाचा व्यवसाय काढला. तो शिबोरीच्या शाली आणि दिव्यांच्या शेडही करतो. 1992 मध्ये नागोयाला शिबोरीची पहिली आंतरराष्ट्रीय परिषद भरली, आणि पुढची भरली ती आपल्याकडे, अहमदाबादला. म्हणजे त्यांनी आपल्याला नातेवाईक मानलंय.

आता माझी एक गोष्ट सांगते, जी मी घरातही सांगितलेली नाही.

तिथे पैसे भरून आपल्यालाही रुमाल बांधता येतो. मी बसले. म्हटलं, पंचवीस वर्षं सुई धरलीय, हे काय मोठं! पाऊण तासात माझ्या बारा गाठी झाल्या. बारा. त्यातल्या तीन सुटल्या. पाठ भरून आली. म्हातारीच्या तेवढ्यात किती झाल्या ते मी मोजायचं सोडून दिलं.

आणि बारावी गाठ मारताना मला एकदम आठवलं. दोन वर्षांपूर्वी इथे जवळच्या हॉलमध्ये हस्तकलेचं प्रदर्शन लागलं होतं. कच्छचा एक बांधणीवाला होता. दुपट्टा चौदाशेचा. मी अर्धा तास घासाघीस करून तो नऊशेला घेतला. उठून जायचं नाटकसुद्धा केलं. आणि घरी येऊन चार मैत्रिणींना फोन करून सांगितलं, बघा, पाचशे कमी केले! तुमच्यातल्या दोघी त्या चौघींत होत्या. त्या दुपट्ट्यावर हजारो ठिपके होते. कच्छमध्ये चार ठिपक्यांची एक कडी धरतात आणि किती कड्या बांधल्या त्यावर बांधणारीला मजुरी मिळते. म्हणजे मी कमी केलेले पाचशे त्या दुकानदाराच्या खिशातून गेले असतील असं मला तेव्हा वाटलं होतं. ते कुठून गेले असतील हे मला अरिमात्सुला, माझ्या तीन सुटलेल्या गाठींकडे बघताना कळलं.

खरं तर मला आधीच कळायला हवं होतं. "मावशी, फॉलचे एवढे कसे? दहा रुपये कमी करा," हे मी या जिन्यांवर पंचवीस वर्षं ऐकलंय. रागावू नका, मी नावं घेणार नाही! आणि मलाही कोणावर राग नाही, कारण तेच मी दुसऱ्याशी केलं. फॉल नीट लागला की दिसतच नाही. साडीची तारीफ होते, फॉलची कोणी करत नाही. दिसला तर समजायचं काम बिघडलं. बांधणारीचंही तेच. दोरा निघून जातो, मागे फक्त जागा राहते.

आज आपली सोसायटी पंचवीस वर्षांची झाली. स्मरणिकेत कमिटीचे फोटो येतील, यायलाच हवेत, त्यांनी खूप केलंय. पण आपल्याकडेही अशी बरीच कामं आहेत जी बिघडली तरच दिसतात. पहाटे पंप कोण लावतं, पावसाळ्याआधी गच्चीवरच्या पाण्याच्या वाटा कोण साफ करतं, हे पाणी आलं नाही किंवा गच्ची गळली तरच आपण विचारतो. एवढंच म्हणते आणि पुढे जाते, नाहीतर सेक्रेटरी घंटा वाजवतील.

माझा रुमाल महिन्याभराने लेकीच्या पत्त्यावर रंगवून आला, तिने तो माझ्याकडे पाठवला. हा बघा. मागे बसलेल्यांना दिसत नसेल. निळा आहे. नऊ कोळी नीट आहेत, आणि तीन जागी नुसता डाग आहे. त्यांनी तो डाग तसाच ठेवून पाठवला. मीही तो तसाच वापरते.

शेवटी एक विनंती. महिला मंडळाशी बोलणं झालंय. येत्या रविवारी दुपारी चार वाजता याच हॉलमध्ये मी बांधणी शिकवणार आहे. म्हणजे मला जेवढी येते तेवढी. मुलं आली तरी चालतील, आणि पुरुष मंडळींनाही बोटं आहेत. प्रत्येकाने एक पांढरा सुती रुमाल आणि मूठभर हरभरे आणायचे. हरभरा कापडात धरून गाठ मारली की सोपं जातं. रंग मी आणीन. दोरा आपापला आणा.

आणि ज्यांना फॉल लावायला शिकायचंय, त्यांनी नंतर थांबा. तेही शिकवीन. माझे डोळे अजून आहेत तोवर.